सर्वे भरून घेण्यासाठी लोकांना नेमकं काय द्यायचं: इन्सेंटिव्ह ठरवायची टप्प्याटप्प्याची पद्धत

कॉलेजांच्या प्रोजेक्टचा सीझन आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका पडायला लागतात, "प्लीज फॉर्म भरा, फक्त २ मिनिटं लागतील, लकी ड्रॉमध्ये ५००० चं व्हाउचर". बहुतेक लोक लिंक उघडतच नाहीत, जे उघडतात त्यातले बरेच तिसऱ्या पानावर सोडून देतात, आणि शेवटपर्यंत जाणाऱ्यांपैकी काही जण नुसतं बक्षिसासाठी वरपासून खालपर्यंत "सहमत, सहमत, सहमत" दाबत जातात. मग सर्वे करणारा काय करतो, तर बक्षिसाची रक्कम वाढवतो. गाडी रुळावरून घसरते ती तिथेच, कारण रक्कम वाढवली की उत्तरं वाढतात पण ती आपल्याला हवी त्या माणसांची असतीलच असं नाही.

हे मार्गदर्शन एमएसडब्ल्यू-एमबीएच्या मुलांसाठी, पीएचडीवाल्यांसाठी, छोट्या संस्थांसाठी आणि ग्राहकांचं मत जाणून घ्यायचंय अशा दुकानदार-उद्योजकांसाठी आहे. बजेट कमी आहे असं धरूनच लिहिलंय. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की लहान पण नक्की मिळणारी आणि लगेच हातात पडणारी गोष्ट ही मोठ्या, मिळेल-न-मिळेल अशा बक्षिसापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त काम करते. पण ती गोष्ट कोणती हे शेवटच्या आठवड्यात घाईघाईत ठरवायचं नसतं, त्याला एक क्रम आहे आणि क्रम चुकला की पैसे वाया जातात.

## १. आधी फॉर्म दुरुस्त करा

इन्सेंटिव्ह, म्हणजे सर्वे भरल्याबद्दल दिलेला मोबदला, हा कंटाळवाण्या फॉर्मवरचा इलाज नाही. लोक उत्तर का देत नाहीत हे आधी शोधा. बऱ्याचदा कारण पैशाचं नसतंच, पहिल्याच पानावर मोबाईल नंबर आणि ईमेल मागितलेला असतो, किंवा प्रश्न इंग्रजीत असतात आणि भरणारी बाई नाशिक जिल्ह्यातल्या बचत गटातली असते, किंवा लिंक कोणाची आहे हेच कळत नाही आणि हल्ली फ्रॉडच्या भीतीने अनोळखी लिंकवर कोणी बोट ठेवत नाही (आणि ते बरोबरच करतात).

आपल्यापेक्षा वेगळ्या तीन-चार जणांना शेजारी बसवून फॉर्म भरायला सांगा, साध्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, आणि तुम्ही काही समजावून सांगू नका. कुठे थांबतात, कुठे मागे जातात, कुठे "हे काय विचारलंय?" म्हणतात ते लिहून ठेवा. गुगल फॉर्ममध्ये अर्ध्यात सोडून गेलेल्याची नोंद राहत नाही, फक्त सबमिट केलेले दिसतात, त्यामुळे लोक नेमके कुठे गळतात हे स्क्रीनवरून कधीच कळणार नाही, शेजारी बसूनच कळेल.

घड्याळ लावून वेळ मोजा. स्वतःचा वेळ धरू नका, तुम्ही प्रश्न लिहिलेत म्हणून तुम्हाला चार मिनिटं लागतात, दुसऱ्याला अकरा लागतील.

इथे थांबून तपासा: सगळ्यात हळू भरणाऱ्याला किती मिनिटं लागली हा आकडा कागदावर आला का? पुढचं सगळं गणित याच आकड्यावर आहे. तो नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. कोणाकडून उत्तर हवंय ते एका वाक्यात लिहा

"सर्वसामान्य नागरिक" असं लिहू नका. "पुणे शहरात भाड्याने राहणारे, नोकरी करणारे, २२ ते ३० वयाचे" असं लिहा, किंवा "तालुक्यातले दोन ते पाच एकरवाले कांदा उत्पादक".

हे एवढ्यासाठी की इन्सेंटिव्हमुळे किती लोक उत्तर देतात एवढंच बदलत नाही, कोण उत्तर देतं तेही बदलतं. कॅफेचं कूपन ठेवलं तर कॉलेजची पोरं धावून येतील आणि चाळिशीतला नोकरदार बघणारही नाही. ॲपवरचं व्हाउचर दिलं तर ॲप वापरणारेच येतील, आणि तुमचा प्रश्न जर "लोक ऑनलाइन खरेदी किती करतात" हा असेल तर उत्तर तुम्ही स्वतःच वाकवून ठेवलंत. जो विषय विचारताय त्याच विषयातली वस्तू द्यायची नाही हा नियम मी कडक पाळायला सांगेन. साबणाच्या वापरावर सर्वे असेल तर साबण देऊ नका, दुधाच्या ब्रँडवर असेल तर त्या डेअरीचं श्रीखंड देऊ नका. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याबद्दल वाईट बोलायला आपल्याकडे माणूस कचरतो, आणि तुमच्या डेटात सगळं गोडगोड येतं.

## ३. वेळेची किंमत काढा आणि मगच बजेटला हात घाला

लोक उलट करतात. खिशात पंधरा हजार आहेत, मग त्यात काय बसेल ते द्या. आधी समोरच्याच्या वेळेची किंमत काढा.

समजा शेतमजुराची रोजची मजुरी तुमच्या भागात ४०० रुपये आहे आणि दिवस आठ तासांचा. म्हणजे तासाला ५०, आणि वीस मिनिटांच्या मुलाखतीला साधारण १७ रुपये. ही झाली खालची मर्यादा, आणि तीसुद्धा तुम्ही त्याच्या दारात किंवा बांधावर गेलात तर. त्याला तुम्ही गावातल्या शाळेत बोलावलंत, तिथे तासभर थांबवलंत आणि त्या दिवशीचं काम गेलं, तर हिशोब वीस मिनिटांचा राहत नाही, अर्ध्या दिवसाचा नाहीतर पूर्ण दिवसाचा होतो. अशा वेळी "चहा-नाश्त्याची सोय केली आहे" म्हणून भागत नाही, बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यायलाच पाहिजे.

आरोग्याशी संबंधित संशोधन असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं बघा. सहभागी माणसाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणं त्यात मान्य आहे, पण रक्कम एवढी मोठी नको की माणूस नुसत्या पैशापोटी, धोका दिसत असूनही, हो म्हणेल. काय आणि किती देणार हे एथिक्स कमिटीकडून (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून) आधी मंजूर करून घ्यावं लागतं. मंजुरी मिळाल्यावर मनाने रक्कम बदलायची नाही, परत कमिटीकडे जावं लागतं, म्हणून हा आकडा प्रस्ताव लिहितानाच नीट ठरवा.

आता बजेट. समजा १५,००० रुपये आहेत आणि ३०० उत्तरं हवीत. लगेच भागाकार करून "प्रत्येकी ५०" असं जाहीर करू नका. पायलटला, म्हणजे मुख्य सर्वेआधीच्या छोट्या चाचणीला, ३० जण लागतील, त्यांनाही द्यायचंय. डबल आलेली, अर्धवट, बाद होणारी उत्तरं येणार, त्यासाठी अजून ३० धरा. छपाई, किरकोळ खर्च यासाठी ५०० ठेवा. प्रत्येकी ४० रुपये धरले तर ३०० जणांचे १२,०००, पायलटचे १,२००, बाद होणाऱ्यांचे १,२०० आणि वरचे ५००, एकूण १४,९००. म्हणजे तुमचा खरा आकडा ४० आहे.

आणि ४० रुपये जर वेळेच्या किमतीपेक्षा कमी पडत असतील तर? तर उत्तरांची संख्या कमी करा किंवा प्रश्न कमी करा. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीला दहा रुपये टेकवण्यापेक्षा काहीच न देता विनंती केलेली बरी, कारण दहा रुपये हातात ठेवले की माणूस मनात हिशोब करतो आणि त्याला अपमान वाटतो.

## ४. प्रकार निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रोख. प्रत्यक्ष भेटीच्या सर्वेत अजूनही सगळ्यात सरळ पर्याय. सुट्टे आधी बँकेतून आणा, दारात उभं राहून "काकू शंभरचे सुट्टे आहेत का" विचारायची वेळ येऊ नये. पाकिटात घालून द्या, नोटा मोजून हातावर ठेवल्या की लोकांना अवघडल्यासारखं होतं.

यूपीआय. ऑनलाइन सर्वेला उत्तम, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फक्त नंबर किंवा यूपीआय आयडी मागा, क्यूआर स्कॅन करायला लावू नका, कलेक्ट रिक्वेस्ट (समोरच्याकडे पैसे मागणारी सूचना) पाठवू नका, आणि मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. दोन, बऱ्याच बँकांमध्ये एका खात्यातून दिवसाला वीसच्या आसपासच यूपीआय ट्रान्स्फर होतात, म्हणजे ३०० जणांना एका रात्रीत पैसे पाठवू असं म्हणत असाल तर ते होणार नाही, आपल्या बँकेची मर्यादा आधीच बघून वाटपाचं वेळापत्रक करा. तीन, गावाकडे आणि वयस्क बायकांच्या बाबतीत यूपीआय बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर असतं. उत्तर दिलं सुमनताईंनी, पैसे गेले मुलाच्या खात्यात, आणि त्यांना कळलंही नाही. बायकांचा सर्वे असेल तर रोख किंवा वस्तूच द्या, ती त्यांच्या स्वतःच्या हातात पडते.

मोबाईल रिचार्ज. दिसायला सोपा, प्रत्यक्षात कटकटीचा. बहुतेकांकडे अनलिमिटेड पॅक असतो, त्यांना वीस-तीस रुपयांच्या टॉपअपचा उपयोग नाही. शिवाय प्रत्येकाची कंपनी वेगळी, नंबर पोर्ट केलेला, एक आकडा चुकला की भलत्याच माणसाला रिचार्ज. मी तरी यूपीआय शक्य असताना रिचार्जकडे जाणार नाही.

वस्तू. गावात आणि वस्त्यांमध्ये वस्तू चालतात, पण निवडताना जरा डोकं लावायला लागतं. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचं वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे घराघरात पडलेले असतात, त्यावेळी तुम्ही अजून एक वाटी घेऊन गेलात तर कोणाला काय कौतुक. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचा टॉवेल, मुलं असलेल्या घरी वह्या, अशा रोज संपणाऱ्या किंवा लागणाऱ्या गोष्टी बघा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतोय, ब्लाउजपीस, बांगड्या, टिकलीचं पाकीट, हळदीकुंकवाच्या कुयऱ्या असलं काही देऊ नका. यादीतल्या पुढच्या घरात विधवा बाई दार उघडते, तुमच्या हातात ते असतं, ती ते घेऊ की नको अशी उभी राहते, बाजूला सासू असते, शेजारीण बघत असते. एवढ्या कुचंबणेनंतर ती मोकळेपणाने उत्तरं देईल का? जी वस्तू यादीतल्या प्रत्येकीला बिनदिक्कत देता येते तीच निवडा.

व्हाउचर. शहरातल्या नोकरदारांना, आयटीवाल्यांना चालतं. किमान खरेदीची अट असलेलं घेऊ नका, "९९९ च्या खरेदीवर १०० सूट" हे इन्सेंटिव्ह नाही, ती जाहिरात आहे आणि लोकांना ते बरोबर कळतं. मुदत किमान दोन-तीन महिने असावी.

लकी ड्रॉ. लोकांचा सगळ्यात आवडता आणि माझ्या मते सगळ्यात कमी कामाचा. ज्याला फॉर्म भरायचा नाहीये त्याला "तीनशे जणांत एकाला" हे ऐकून काही फरक पडत नाही, आणि ज्याला नुसतं जिंकायचंय तो पाच ईमेल आयडीवरून पाच वेळा भरतो. बजेट इतकं कमी आहे की प्रत्येकाला काही देणं शक्यच नाही, तेव्हाच वापरा, आणि तेव्हाही एक मोठं बक्षीस ठेवण्यापेक्षा दहा-वीस छोटी ठेवा. ड्रॉची तारीख, पद्धत, निकाल कुठे कळेल हे आधी लिहा. भाग घ्यायला पैसे घ्यायचे नाहीत, ते लॉटरीत जातं. बक्षीस १०,००० रुपयांच्या वरचं असेल तर ३० टक्के टीडीएसचा (बक्षीस देतानाच कापायच्या कराचा) विषय येतो, तिथवर जाऊच नका.

देणगी. "तुमच्या प्रत्येक उत्तरामागे आम्ही अमुक संस्थेला दहा रुपये देऊ." ज्यांना त्या कामाबद्दल आधीच आपुलकी आहे त्यांना हे भावतं, बाकीच्यांवर फारसा परिणाम होत नाही. एकटं वापरू नका, "पैसे घ्या किंवा दान करा" असा पर्याय म्हणून ठेवा.

निकाल परत देणं. डॉक्टर, सीए, शिक्षक, कारखानदार अशा लोकांना शंभर रुपये देणं हास्यास्पद होतं, त्यांच्या वेळेची किंमत तुम्ही देऊच शकत नाही. त्यांना त्यांच्या उपयोगाचा दोन पानी निष्कर्ष द्या. "तालुक्यातल्या इतर दवाखान्यांमध्ये रुग्णांना सरासरी किती वेळ थांबावं लागतं" हे डॉक्टरला खरंच हवं असतं. हाउसिंग सोसायटीच्या सर्वेलाही हेच लागू, तिथे लोकांना गिफ्ट नको असतं, मागच्या वेळी भरलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं ते हवं असतं.

सावधान: विद्यार्थ्यांना हजेरी किंवा इंटर्नलचे मार्क, कामगारांना सुपरवायझरमार्फत "भरलाच पाहिजे", लाभार्थ्यांना "योजनेत नाव राहील" असं काहीही जोडायचं नाही. ती जबरदस्ती आहे. त्यातून आलेली उत्तरं भीतीने दिलेली असतात आणि ती वापरण्यासारखी नसतात.

## ५. आधी द्यायचं की नंतर?

बहुतेकांना वाटतं आधी दिलं तर लोक घेतील आणि उत्तर देणार नाहीत. अनुभव आणि संशोधन दोन्ही याच्या उलट सांगतात. ॲलन चर्च या संशोधकाने १९९३ मध्ये पोस्टाने पाठवलेल्या सर्वेंवरचे ३८ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा प्रश्नावलीसोबतच रोख रक्कम पाठवली तर प्रतिसाद सरासरी १९ टक्के अंकांनी (म्हणजे शंभरात १९ जणांनी) वाढलेला दिसला, सोबत वस्तू पाठवली तर साधारण ८ अंकांनी, आणि "भरून पाठवा मग देऊ" म्हटल्यावर म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. हे आकडे तिकडच्या टपाली सर्वेंचे आहेत, आपल्या व्हॉट्सॲप लिंकला जसेच्या तसे लावू नका, पण दिशा तीच आहे. समोरच्याने आपल्यावर आधी विश्वास टाकला की आपल्यालाही त्याचं काम टाळवत नाही.

म्हणून घरोघरी जाऊन सर्वे करताना क्रम असा ठेवा: ओळख, माहिती सांगणं, संमती, मग लगेच वस्तू किंवा पाकीट, आणि मग प्रश्न. संमतीच्या आधी पाकीट दाखवायचं नाही. आणि देताना म्हणायचं, "हे तुमच्या वेळेचं आहे, मध्येच थांबावंसं वाटलं तरी हे तुमचंच."

ऑनलाइनला आधी देणं धोक्याचं, कारण समोर कोण आहे हेच माहीत नसतं. तिथे नंतर द्या पण मुदत लिहा, "४८ तासांत" असं. आणि ४८ म्हणालात तर ४८ च. एका ग्रुपमध्ये "मला अजून आले नाहीत" असा एक मेसेज पडला की त्या ग्रुपमधून पुढचं एकही उत्तर येत नाही.

त्याच माणसाकडे तीन-चार वेळा जायचं असेल तर सगळी रक्कम शेवटी ठेवू नका. दर वेळी थोडी, शेवटच्या फेरीला जराशी जास्त.

## ६. नियम आणि मेसेज लिहा

एका कागदावर एवढं ठरवा: कोण पात्र, एका घरातून किती जण, एका नंबरवर किती वेळा, कधी मिळणार, कसं मिळणार, किती उत्तरांनंतर बंद होणार, तक्रार कोणाकडे. मग मेसेज. नमुना असा घ्या:

"नमस्कार, मी अमुक कॉलेजात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या नोकरदारांच्या घरभाड्याच्या अडचणींवर अभ्यास करतोय. तुम्ही २२ ते ३० वयाचे असाल, नोकरी करत असाल आणि भाड्याने राहत असाल तर १२ मिनिटांचा हा फॉर्म भरा. वेळेबद्दल ४० रुपये यूपीआयने ४८ तासांत मिळतील. पिन, ओटीपी काहीही विचारणार नाही. उत्तरांसोबत नाव-नंबर जोडला जात नाही. पहिल्या ३०० पात्र लोकांसाठी. शंका असल्यास मला याच नंबरवर फोन करा."

यात रक्कम पहिल्या ओळीत नाही हे बघा. रक्कम वर टाकली की लोक पुढचं वाचत नाहीत आणि पात्र नसलेलेही भरतात. "फक्त २ मिनिटं" असं खोटं लिहू नका, तिसऱ्या मिनिटाला माणूस चिडतो आणि सोडतो.

पात्रतेचे प्रश्न फॉर्ममध्ये असे विचारा की कोणतं उत्तर "बरोबर" ते कळू नये. "तुम्ही भाड्याने राहता का? हो / नाही" विचारलं तर ४० रुपयांसाठी सगळे "हो" म्हणतील. त्याऐवजी "सध्या राहता ते घर: स्वतःचं / भाड्याचं / नातेवाइकांचं / कंपनीचं / हॉस्टेल" असं विचारा.

## ७. पायलट करा, टाळू नका

तीस जण घ्या. दोन पर्यायांत मन अडकलं असेल, उदाहरणार्थ ४० रुपये की टॉवेल, तर पंधरा-पंधरा वाटून द्या, पण चिठ्ठ्या टाकून, "हे ओळखीचे आहेत म्हणून यांना वस्तू" असं नाही. तीस जणांवरून ठाम निष्कर्ष निघत नाही, ढोबळ चुका मात्र पकडता येतात.

बघायचं काय? किती जण हो म्हणाले हे तर बघाच, पण मोकळ्या प्रश्नांना किती शब्दांत उत्तर आलं, किती जणांनी सगळीकडे एकच पर्याय दाबला, बारा मिनिटांचा फॉर्म तीन मिनिटांत कोणी संपवला, आणि आलेले लोक टप्पा २ मधल्या वाक्यात बसतात का तेही. संख्या वाढली आणि भलतेच लोक आले तर तो इन्सेंटिव्ह बाद.

इथे थांबून तपासा: पायलटनंतर रक्कम बदलायची तर आत्ताच बदला. मुख्य सर्वे सुरू झाल्यावर मध्येच ४० चे ६० केले तर आधी भरलेल्यांवर अन्याय होतो, आणि आधीचे आणि नंतरचे लोक वेगळ्या प्रकारचे निघतात, मग दोन्हीची तुलना होत नाही.

## ८. वाटप आणि नोंद

ऑनलाइनला दोन वेगळे फॉर्म करा. पहिल्यात फक्त उत्तरं. सबमिट केल्यावर जो मेसेज दिसतो त्यात दुसऱ्या फॉर्मची लिंक ठेवा, तिथे फक्त यूपीआय नंबर. म्हणजे कोणाचं उत्तर कोणतं हे तुम्हालाही कळत नाही. यात पळवाट एकच, कोणी दुसरी लिंक थेट मित्रांना पाठवू शकतो. म्हणून रोज रात्री दोन्ही फॉर्मची संख्या आणि वेळा पडताळा. पहिल्यात ४२ आणि दुसऱ्यात ६१ असतील तर लिंक फुटली आहे, दुसरा फॉर्म बंद करा आणि नवी लिंक टाका. गुगल फॉर्ममधलं "एकच उत्तर" हे सेटिंग लावलं तर गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं, त्याने डबल उत्तरं कमी होतात पण काही लोक लॉगिन बघूनच परत जातात, त्यामुळे समोरचा गट बघून ठरवा.

प्रत्यक्ष सर्वेत रजिस्टर ठेवा: तारीख, कोड नंबर, काय दिलं, सही किंवा अंगठा. वस्तू मोजून सर्वे करणाऱ्या मुलांकडे द्यायच्या आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. दहापैकी एका घरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने फोन करायचा, "काल कोणी आलं होतं का, किती वेळ बसलं, काय मिळालं?" झाडाखाली बसून भरलेले फॉर्म आणि परस्पर गायब झालेले टॉवेल दोन्ही याच एका फोनमधून पकडले जातात.

गावात अजून दोन गोष्टी. ज्यांचं घर सर्वेसाठी निवडलेल्या यादीत नाही ते शेजारी हमखास विचारतात, "त्यांना दिलं, आम्हाला का नाही?" यासाठी पहिल्या दिवशी सरपंच, आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटून चिठ्ठ्या टाकून घरं निवडलीत हे सांगा, आणि वाटप चावडीवर उघड्यावर न करता घरात करा. दुसरी गोष्ट आचारसंहितेची. ग्रामपंचायत असो की विधानसभा, निवडणूक जाहीर झाली असेल तर घरोघरी वस्तू किंवा पाकिटं वाटत फिरू नका, तुम्ही कितीही खरे असलात तरी लोकांना आणि पोलिसांना ते मतांसाठीचं वाटपच वाटणार. तारखा बघून सर्वे पुढे ढकला. शेतकऱ्यांचा असेल तर पेरणी आणि काढणीचे दिवसही टाळा, तेव्हा कितीही द्या, त्याला वेळ नसतो.

## ९. बाद करायचे नियम आणि नंबरांचं काय

कोणतं उत्तर बाद, हे पहिलं उत्तर यायच्या आधी लिहून ठेवा. आणि बाद केलं म्हणजे पैसे द्यायचे नाहीत असं नाही. प्रामाणिकपणे भरलं पण त्रोटक भरलं, अशा माणसाला ठरलेली रक्कम द्यायचीच. एकाच माणसाने चार वेळा भरलं तर एकदाच. पात्र नसलेल्याला फॉर्मच्या सुरुवातीलाच नम्रपणे सांगून बाहेर काढा, बारा मिनिटं घेऊन शेवटी "तुम्ही पात्र नाही" म्हणणं हे वाईट वागणं आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेत असाल तर पालकांची संमती घ्या, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. मुलांना रोख देऊ नका, वही-पेन द्या आणि तेही पालकांना किंवा शिक्षकांना सांगून.

पैसे पोचले की यूपीआय नंबरांची यादी महिन्याभरात काढून टाका, हिशोबाला लागते तेवढीच नोंद ठेवा, आणि त्या यादीवर पुढच्या प्रोजेक्टची लिंक पाठवायची असेल तर त्याची परवानगी दुसऱ्या फॉर्ममध्येच वेगळी चौकट ठेवून आधी घ्या. निकाल देऊ म्हणाला असाल तर प्रबंध जमा व्हायची वाट बघू नका, विश्लेषण झालं की दोन पानं मराठीत लिहून त्याच ग्रुपवर, त्याच ग्रामपंचायतीत पाठवा.